मला आवडतं, ननगे इष्ट आणि इंग्रजांचं ‘लाईक’

आपल्या मुलांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा ‘लाईक’ हा शब्द हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अगदी आपल्या ‘मला आवडतं’सारखा बोलला जायचा, असं कुणी सांगितलं तर? एका छोट्या शब्दाची ही मोठी गोष्ट.

बेंगळूरुला बदली होऊन गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या पंधरा दिवसांत कन्नडचे तीन शब्द तरी येतातच. दूधवाल्याला सांगायला ‘बेकु’, म्हणजे हवं. भाजीवाल्याला सांगायला ‘बेडा’, म्हणजे नको. आणि शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या बिसी बेळे भाताचा डबा परत करताना ‘इष्ट’, म्हणजे आवडला.

चौथा शब्द मात्र कुणाला शिकवावा लागत नाही. तो शाळेच्या बसमधूनच घरात येतो. मुलगी दप्तर टाकते आणि म्हणते, ‘‘मी हे लाईक नाही करत.’’ पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आलेली आजी गालातल्या गालात हसते. आईला मात्र थोडं खटकतं. ‘मला नाही आवडत’ म्हणायला असा काय त्रास होतो, असा तिचा प्रश्न असतो.

आईचं खटकणं योग्यच आहे. पण त्याचं कारण ‘इंग्रजी शब्द घुसला’ एवढंच नाही. शब्द येतात आणि जातात. टेबल आलं, पेन्सिल आली, आणि ती कधी परकी होती हेही आपण विसरलो. ‘लाईक’च्या बाबतीत शब्दाबरोबर वाक्याची सगळी मांडणीच बदलते. ती कशी, हे कळायला आधी या शब्दाच्या माहेरी जाऊन यायला हवं.

‘लायक’चा ‘लाईक’ नव्हे

ऐकायला सारखे वाटले तरी आपला ‘लायक’ आणि इंग्रजांचा ‘लाईक’ यांचं काही नातं नाही. ‘लायक’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘लाईक’ हा जुन्या इंग्रजीचा घरचाच शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी आहे चक्क शरीर!

जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे देह. जर्मन भाषेत आजही मृतदेहाला ‘लायखे’ म्हणतात. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छपराचं एक फाटक असतं. दफनासाठी आणलेली शवपेटी तिथे थोडा वेळ टेकवत. त्या फाटकाला ‘लिचगेट’ म्हणतात. त्यातला ‘लिच’ तो हाच.

देहावरून ‘आकार’ आणि ‘रूप’ असे अर्थ निघाले. ज्याचं रूप दुसऱ्यासारखं, तो त्याच्या ‘लाईक’, म्हणजे त्याच्यासारखा. इंग्रजीत ‘सारखा’ आणि ‘आवडणे’ या दोन्हींसाठी ‘लाईक’ का, याचं उत्तर इथे आहे. ‘फ्रेंडली’सारख्या शब्दांच्या शेवटी येणारा ‘ली’सुद्धा याच ‘लीच’चा झिजलेला तुकडा. फ्रेंडली म्हणजे ज्याचं रूप मित्राचं आहे तो.

आता रूपावरून आवडीपर्यंत हा शब्द कसा पोहोचला? त्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ‘अनुरूप स्थळ हवे’ असं छापतात. अनुरूप म्हणजे रूपाला जुळणारं, शोभणारं. जे जुळतं ते मनाला पटतं आणि जे पटतं ते आवडतं. इंग्रजी ‘लाईक’ याच वाटेने गेला. त्याच्या क्रियापदाचा जुना अर्थ होता ‘मनाला पटणे, रुचणे’.

पसंती सांगणारे इंग्रजीतले इतर शब्दही मजेदार आहेत. ‘प्रिफर’ हा मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘पुढे आणून ठेवणे’. ‘चूज’ म्हणजे निवडणे, पण त्याचं मूळ ‘चाखणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि संस्कृतमधला ‘जुष्’ हा धातू त्याचाच भाऊ. म्हणजे एकेकाळी चाखल्याशिवाय निवड नव्हती. मंडईत द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून मगच भाव विचारणाऱ्यांना हे आवडेल!

राजाची फळं आणि हरवलेला ‘ला’

आता खरी गंमत. ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्या. यात क्रियापद कुणाच्या तालावर चालतं? आंबा आवडतो, कैरी आवडते, आंबे आवडतात. आंबा बदलला की क्रियापद बदलतं. खाणारा मुलगा असो की मुलगी, एक असो की दहा, क्रियापद त्याची दखलही घेत नाही. ‘मी खातो’ आणि ‘मी खाते’ यांत बोलणारा पुरुष की स्त्री ते लगेच कळतं. ‘मला आवडतं’मध्ये ते कळत नाही. या वाक्यात मालकी आंब्याची. मी फक्त ‘मला’ एवढाच, बाजूला उभा.

जुन्या इंग्रजीतही अगदी असंच होतं. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी आणि आवडणारा माणूस चौथ्या विभक्तीत. म्हणजे शब्दशः ‘मला आंबा आवडतो’. ‘आय लाईक’ असं त्या काळी कुणी म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ झाला असता ‘मी आवडतो’, म्हणजे मी कुणाला तरी आवडतो!

मग हे उलटं कधी झालं? ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) नावाच्या डॅनिश भाषापंडिताने याचं सोपं उदाहरण दिलं. ते राजाचं आणि फळांचं आहे. आपण ते मराठीत करून पाहू. ‘राजाला फळं आवडली.’ आता समजा, काळाच्या ओघात मराठीतला ‘ला’ झिजून गेला आणि आवडली-आवडले-आवडला हा फरकही पुसला गेला. उरलं काय? ‘राजा फळं आवड.’ ऐकणाऱ्याला वाटणार, राजा आधी आला म्हणजे कर्ता तोच. आवडण्याचं काम राजा करतो आहे.

इंग्रजीत अकराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत विभक्तीचे प्रत्यय असेच झिजत गेले आणि वाक्यात जो आधी तो कर्ता, अशी रीत बसली. नंतरच्या अभ्यासकांनी या बदलाला आणखीही कारणं जोडली आहेत. पण परिणाम एकच झाला. ‘मला आवडतं’चं ‘मी आवड करतो’ झालं. शेक्सपिअरच्या काळापर्यंत (१५६४–१६१६) जुनी धाटणी अधूनमधून डोकावत होती. पुढे ती संपली.

तिचे दोन अवशेष मात्र उरले. ‘मीथिंक्स’ हा जुना इंग्रजी शब्द नाटकांत भेटतो. तो म्हणजे शब्दशः आपलं ‘मला वाटतं’. दुसरा अवशेष तर आपण दोन वर्षांच्या मुलालाही शिकवतो. ‘प्लीज’! हा फ्रेंचकडून आलेला शब्द ‘तुम्हाला रुचत असेल तर’ या पूर्ण वाक्याचं शेपूट आहे.

देवदत्ताचा मोदक

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना एव्हाना बाईंनी पाठ करून घेतलेला नियम आठवला असेल. रुच् धातूला चतुर्थी! पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त हा नियम घालून दिला. रुचणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला वस्तू रुचते तो माणूस संप्रदान, म्हणजे ज्याला काही दिलं जातं तो. त्याच्या टीकाकारांनी उदाहरणाला घेतला देवदत्त आणि त्याला रुचणारा मोदक. ब्राह्मणाला गाय द्यावी त्या वाक्यात ब्राह्मणाची जी जागा, तीच इथे देवदत्ताची. आवड ही त्याला मिळालेली गोष्ट आहे, त्याने केलेली नव्हे.

मराठीने हा वारसा जपला. ‘आवडी’ हा शब्द ज्ञानेश्वरीत आहे, तुकोबांच्या अभंगांत आहे. नुसत्या पसंतीपुरता नव्हे, तर प्रेम, ओढ या अर्थानेही. ‘पसंत’ हा फारसीतून आला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तरी ‘पसंत’ घराघरांत राहिलाच. विशेष म्हणजे त्यानेही मराठीत आल्यावर इथलीच शिस्त पाळली. ‘मला पसंत आहे’, ‘मला पसंत पडलं’.

आणि दक्षिणेत? चौकट पाहा.

चौकट : एकच भात, आठ भाषा
मराठी – मला भात आवडतो
कोंकणी – म्हाका शीत आवडटा
संस्कृत – मह्यम् ओदनः रोचते
हिंदी – मुझे चावल पसंद है
कन्नड – ननगे अन्न इष्ट
तेलुगू – नाकु अन्नम् इष्टम्
तमिळ – एनक्कु सोरु पिडिक्कुम्
मल्याळम – एनिक्कु चोरु इष्टमाणु
मला, म्हाका, मह्यम्, मुझे, ननगे, नाकु, एनक्कु, एनिक्कु. एकाही वाक्यात ‘मी’ नाही! तमिळमधल्या ‘पिडि’चा अर्थ पकडणे. आवडलेल्या गोष्टीने माणसाला पकडलं, असा भाव.

उत्तरेच्या भाषा एका कुळातल्या, दक्षिणेच्या दुसऱ्या. तरीही वाक्याचा साचा एक. हजारो वर्षं शेजारी राहिल्यामुळे भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा एकमेकींसारख्या झाल्या, हा विचार अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली एका गाजलेल्या लेखात मांडला. कॉलिन मसिका यांनी १९७६च्या आपल्या पुस्तकात या सारखेपणाची जी लक्षणं तपासली त्यांत ही ‘मला’ची धाटणीही आहे.

याचा नमुना महाराष्ट्रातच सापडला. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत होत्या. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिलं, की इथल्या बोलींची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली आहे, की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून तिथेच दुसऱ्या भाषेचे शब्द ठेवले तरी वाक्य उभं राहतं. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आज कुपवाडचं नाव घेतलं जातं.

बेंगळूरुचं मराठी अंगण

बेंगळूरु हे तर या शेजाराचं मोठं अंगण. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केला. त्यात संस्कृतबरोबर कितीतरी देशी भाषांतली रचना आहे. म्हणजे एकाच गल्लीत चार भाषा ऐकू येणं ही या शहराला संगणक कंपन्यांनी दिलेली देणगी नव्हे. ते साडेतीनशे वर्षांपूर्वीही असंच होतं.

अलीकडचं उदाहरण हवं तर रजनीकांत यांचं घ्या. १९५० साली बेंगळूरुच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. घरात मराठी, बसमध्ये कंडक्टरची नोकरी करताना कन्नड आणि पडद्यावर तमिळ. मला, ननगे, एनक्कु. तिन्ही भाषांत आवड सांगताना साचा बदलावा लागत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे, पण कन्नडचे थोर कवी झाले. १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं.

इथे बेंगळूरुतल्या मराठी वाचकांना एक कामाची गोष्ट सांगायची आहे. कन्नड शिकायची म्हणून आपण दुकानातून इंग्रजीतलं पुस्तक आणतो. ते ‘आय लाईक’, ‘आय नो’, ‘आय वाँट’पासून सुरुवात करतं आणि मग ‘कन्नडमध्ये मात्र हे वेगळं असतं’ म्हणून पानभर समजावतं. आपल्याला ते वेगळं नाहीच! मला पाहिजे, ननगे बेकु. मला ठाऊक नाही, ननगे गोत्तिल्ल. मला कन्नड येतं, ननगे कन्नड बरुत्ते. ‘बरुत्ते’ म्हणजे शब्दशः ‘येतं’. भाषा आपल्याकडेही ‘येते’ आणि त्यांच्याकडेही. एक गोष्ट लक्षात ठेवा. बोलताना ‘ननगे’चं पुष्कळदा ‘नंगे’ होतं. उत्तरेकडचे पाहुणे ते ऐकून दचकतात. आपण दचकू नये.

‘कन्नड गोत्तिल्ल’ हे वाक्य बेंगळूरुच्या लोकांना बोचतं. बाहेरून आलेली माणसं वर्षानुवर्षं राहूनही भाषा शिकत नाहीत, ही त्यांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाप्रश्नाने दोन्हीकडची मनं दुखावलेली आहेत. पण निदान मराठी माणसाने ‘कन्नड फार कठीण’ ही सबब सांगू नये. लिपी नवी आहे, शब्द नवे आहेत, हे खरं. वाक्य मात्र आपलंच आहे.

लाईक केला, पण आवडला नाही

आता पुन्हा त्या शाळेतून आलेल्या मुलीकडे. ‘मी लाईक नाही करत.’ मराठीत परक्या भाषेतलं क्रियापद आलं की आपण त्याला ‘करणे’ जोडतो. फोन करणे, पार्क करणे, चेक करणे. ही कामं आपण करतो, म्हणून तिथे ‘करणे’ शोभतं. आवडीलाही तेच जोडलं की आवड हे एक काम होऊन बसतं.

९ फेब्रुवारी २००९ रोजी फेसबुकने ‘लाईक’चं बटण आणलं आणि त्या कामाला अंगठाही मिळाला. आवड आता खरोखर करायची गोष्ट झाली. बोट टेकवलं की झाली. पण मराठी माणूस हुशार! तो म्हणतो, ‘‘त्याचा फोटो लाईक केला, पण आवडला नाही.’’ हे वाक्य इंग्रजीत सांगायचं तर अडखळायला होईल. मराठीत ते सरळ उभं राहतं, कारण आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. केलेली ती कृती आणि आतून झालेली ती आवड.

हा फरक आपल्या एका साध्या शब्दात केव्हाचा आहे. ‘आवडनिवड’. आवड होते, निवड करावी लागते. आवड सांगून येत नाही, निवड विचार करून होते. आवडीसाठी कुणाला दोष देता येत नाही, निवडीची जबाबदारी मात्र घ्यावी लागते. घरातले निम्मे वाद या दोन शब्दांची गल्लत केल्याने होतात. ‘कारलं तुला आवडलंच पाहिजे’ हा हुकूम कुठल्याच मुलाला पाळता येणार नाही. ‘दोन घास खायलाच हवेत’ हा पाळता येतो. आवडीच्या माणसाची चूक दिसत नाही आणि ‘नावडतीचं मीठ अळणी’ लागतं, हे म्हणीने सांगून ठेवलंय. निवाडा करताना, वाटणी करताना, दोन सुनांत किंवा दोन मुलांत बोलताना ते ध्यानात ठेवावं लागतं.

ही गल्लत किती महाग पडू शकते, ते मुंबईच्या एका खटल्याने दाखवलं. रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना लावून दिलं होतं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपील झालं आणि १८८७ साली दुसऱ्या न्यायमूर्तींनी निकाल फिरवला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात! रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी गुजरातेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. कोर्ट ‘जा’ म्हणू शकत होतं. ‘आवडून घे’ म्हणण्याचा अधिकार कुठल्याच कोर्टाला नव्हता. आणि निवड करायची वेळ आली होती तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं.

बघण्याच्या कार्यक्रमानंतर आपण आजही म्हणतो, ‘मुलगी पसंत पडली’ आणि ‘मुलगी पसंत केली’. पहिल्या वाक्यात कुणाच्या तरी मनात काही घडलंय. दुसऱ्यात वडीलधाऱ्यांनी निर्णय घेतलाय. दोन्ही हवीत, पण पहिल्याआधी दुसरं झालं तर? मुलीला ‘तुला आवडला का?’ हे वेगळं विचारायला हवं आणि ‘तुझा निर्णय काय?’ हे वेगळं. दोन्हींची उत्तरं ऐकण्याइतका वेळही द्यायला हवा.

तेव्हा लेक ‘लाईक नाही करत’ म्हणाली की तिला रागावू नका. इंग्रजी बोलताना तिने खुशाल ‘आय लाईक’ म्हणावं, ती त्या भाषेची रीत आहे. मराठीत तिला ‘मला’ने सुरुवात करायला सांगा आणि कन्नडमध्ये ‘ननगे’ने. खाली खेळायला गेल्यावर शेजारच्या मुलांशी तिने ते वाक्य बोलून पाहावं. चार दिवसांत ती कन्नड बोलायला लागेल आणि डबा परत करायला तुम्ही तिलाच पाठवाल.